नावावरचा कोवळा गंज

त्सुयामा, १२ ऑक्टोबर १९७८

शोहेई,

मायना काय लिहावा ते सुचेना. आशीर्वाद लिहायचा हक्क माझा मीच घालवलाय, आणि 'सप्रेम नमस्कार' लिहिलं तर तू पत्र पुढे वाचणार नाहीस. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. बावीस वर्षांनी.

कामाचंच बोलतो. हिराओकांची तलवार परत आलीय.

म्हातारा हिराओका जूनमध्ये गेला, ब्याण्णव वर्षांचा होऊन. सोया सॉसच्या पिंपांचा कारखाना त्याच्या हयातीतच बंद पडला होता. थोरला मुलगा इसामू लढाईत गेला, मागे त्याची धाकटी बहीण राहिली, तोकिए. तुला आठवत असेल, बापाच्या मागून मान खाली घालून चालायची. आता चोपन्न वर्षांची आहे. शाळेत शिकवते आणि मान अजिबात खाली घालत नाही. तलवारीच्या नोंदणीच्या कागदावर मालकाचं नाव बदलून घेतलं आणि कचेरीतून थेट माझ्याकडे आली. जांभळ्या कापडातलं गाठोडं माझ्या घासायच्या दगडांशेजारी ठेवलं.

"काका, म्यानावरचं हे अक्षर तुमचंच ना?"

तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. यामातोचा कानेहिसा, निःसंशय अस्सल, शोवा ३१, म्हणजे छप्पन सालचा वसंत, शिनोहारा तामेकिची.

"अक्षर माझंच," मी म्हटलं.

"मग झालं तर. मला टोकियोच्या परीक्षकांचा दाखला हवाय. नगरपालिकेच्या प्रदर्शनात ही ठेवायची, इसामूदादाच्या नावानं. माझ्यामागे आमच्याकडे कोणी नाही. पाठवायच्या आधी तुम्ही एकदा बघून द्या."

ठेवून जा म्हटलं. ती गेल्यावर बांबूची खुंटी काढली, मूठ उतरवली, आत कोरलेलं लोहाराचं नाव पाहिलं आणि मूठ पुन्हा चढवून ठेवली.

त्या पात्यावर तू तीन आठवडे दगड चालवला होतास. मी फक्त शेवटचा हात फिरवला. तुझ्या बोटांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तेव्हा तुला त्यात काय दिसलं होतं, ते सविस्तर लिहून पाठव. माझ्या आता नीटसं लक्षात नाही.

पत्ता तुझ्या काकीच्या, किनुच्या शिवणाच्या डब्यात मिळाला. तुझी नववर्षाची सगळी कार्डं तिथं आहेत, सुतळीनं बांधलेली. इतकी वर्षं मला वाटायचं, त्या डब्यात सुया असतात. ओनोमिचीच्या मासळीबाजारात सुऱ्यांना धार लावतोस हे त्यातूनच कळलं. तू आलास तेव्हा, सत्तेचाळीस साली, आपणही तेच करायचो. अमेरिकनांच्या बंदीमुळे तेव्हा तलवारीला हात लावायची कोणाची छाती नव्हती. गल्लीतल्या बायका भाजी कापायच्या सुऱ्या घेऊन दारात उभ्या असायच्या आणि किनु धार बघायला मुळा कापून दाखवायची. त्याच मुळ्याचं कालवण. तू एकदा म्हणालास, "वस्ताद, आज जरा गिऱ्हाईक कमी असतं तर बरं, मुळ्याचा कंटाळा आला." ती किती हसली होती.

तिच्या गुडघ्यांचा त्रास आता संपलाय.

उत्तर पाठव.

तामेकिची

त्सुयामा, २९ ऑक्टोबर

शोहेई,

उत्तर आलं नाही. मला तरी कुठे वाटलं होतं येईल म्हणून.

मागच्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या.

एक, माझ्या लक्षात नाही ही. मला सगळं आठवतं. मठाच्या सभागृहात पारखी मंडळींची बैठक होती. रिवाजाप्रमाणे मुठीतला भाग कापडात गुंडाळून पातं हातोहात फिरवलं. लोहार कोण ते प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहिलं. मग मी कापड सोडलं, कानेहिसाचं नाव सगळ्यांनी वाचलं आणि दातांचा डॉक्टर उगाकी तर चटईला कपाळ टेकवून नमस्कार करता झाला. हिराओकानं विचारलं, "वस्ताद, शंका नाही ना?" मी म्हटलं, "तिळभर नाही."

तू मागे चहाचे पेले भरत होतास. तिथूनच म्हणालास, "लोखंडावरचा गंज म्हातारा आहे आणि नावावरचा कोवळा."

एवढंच. आवाजही चढवला नव्हतास.

आणि मी काय बोललो? "गंज ओळखायला जन्म जातो. तुला अजून पाणी भरता येतंय तेवढं भर." मंडळी हसली. उगाकी सगळ्यात मोठ्यानं. तू पेले भरत राहिलास, एकही थेंब सांडला नाही. ते मला अजून दिसतं.

घरी येऊन तू विचारलंस, "वस्ताद, तुम्हीही पाहिलं होतं ना?" मी म्हटलं, "ज्याला माझ्या नजरेचा भरवसा नाही, त्यानं माझ्या घरचं अन्न खाऊ नये." नऊ वर्षं माझ्या हाताखाली काढलीस. पुढच्या वसंतात तुला माझ्या शिफारशीनं स्वतःचं दुकान मिळायचं होतं. सकाळी तू निघालास आणि शिफारस मी दिली नाही. शिफारशीशिवाय तलवारी घासणारा कोणताही कारागीर तुला दारात उभं करणार नाही, हे मला ठाऊक होतं.

मी पाहिलं होतं, शोहेई. तुझ्या आधी पाहिलं होतं. छिन्नीनं कोरलेल्या खाचांत गंज तपकिरी होता आणि भोवतालचं लोखंड काळंकुळकुळीत. चार-पाचशे वर्षांच्या लोखंडावर जेमतेम शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी मोठ्या लोहाराचं नाव कोरलेलं.

खोटं का बोललो तेही सांगतो. बैठकीच्या आदल्या दिवशी हिराओका माझ्याकडे येऊन बसला होता. म्हणाला, "इसामू लढाईवर निघाला तेव्हा हीच तलवार मांडीवर घेऊन बसला होता. नावावरून बोट फिरवत म्हणाला, आपल्या घरात कानेहिसा आहे, मला काय होतंय. त्याची आई अजून रोज सकाळी हिच्यापुढे हात जोडते." असं सांगणाऱ्या बापाला मी काय सांगायचं होतं? दयेपोटी बोललो. तू तरुण होतास, तुला हे कळलं नसतं.

दुसरी खोटी गोष्ट किनुच्या गुडघ्यांची. त्रास संपला, कारण ती राहिली नाही. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, ओबोनच्या, पितरांच्या सणाच्या आधी चार दिवस. ओहागीच्या गोड गोळ्यांसाठी लाल चवळी भिजत घातली होती तिनं. दुपारी पडली आणि उठली नाही.

तुला कळवायला हवं होतं.

तामेकिची

ओनोमिची, ४ नोव्हेंबर

वस्ताद,

दोन्ही पत्रं पोचली. पहिल्याला उत्तर देणार नव्हतो.

त्या दिवशी सकाळी स्टेशनवर काकी धावत आल्या होत्या. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. भाताचे सहा गोळे बांधून दिले आणि म्हणाल्या, "माणूस वाईट नाही रे, हट्टी आहे." तेव्हापासून एकही नववर्ष चुकवलं नाही मी. मागच्या वर्षी आणि या वर्षी मी त्यांना लिहिलं होतं की गुडघ्यांना आल्याचा गरम शेक द्या, इथल्या एका म्हाताऱ्या कोळिणीला त्यानं गुण आला. ती कार्डं तुम्ही घेतलीत, वाचलीत, आणि डब्यात ठेवलीत. मेलेल्या बाईच्या गुडघ्यांवर मी औषध सांगत होतो आणि तुम्ही वाचत होतात.

तलवारीचं मी विसरलो असतो. हे विसरता येणार नाही.

कामाचं विचारलंत म्हणून कामापुरतं लिहितो. नाव खोटं, पण पातं खोटं नाही. मला तेव्हा तेच सांगायचं होतं, तुम्ही पुढचं वाक्य बोलू दिलं नाहीत. लोखंडाचा पोत धारेकडे येईल तसा सरळ होत जातो, म्हणून यामातो प्रांतातलं वाटतं. पण पाठीकडून उजेड घेतलात तर पात्यावर पांढुरका धूर दिसेल, सकाळी खाडीवर असतो तसा. धारेलगतची पाण्याची रेघ सरळ, शांत, कुठंही दिमाख नाही. आमच्या गावच्या मठात अशी तीन पाती होती, लहानपणी मी ती पुसायला जायचो. हे मिहाराच्या लोहारांचं काम आहे. आमच्याकडचं. मोठं नाव नाही, प्रामाणिक लोखंड आहे.

त्या बाईंना खरं सांगा. मी येणार नाही.

कुरामोतो शोहेई

त्सुयामा, २० नोव्हेंबर

शोहेई,

तुझं पत्र देवघरात किनुच्या फोटोपुढे ठेवलं. तिथंच ठेवण्याच्या लायकीचं होतं. ती कार्डं मी वाचली. दोन्ही वेळा लेखणी हातात घेतली होती. 'किनु वारली' असं लिहिलं की पुढे 'आणि तुला मी हाकललं' हेही लिहावं लागलं असतं. ते जमलं नाही.

पातं खिडकीशी नेऊन पाठीकडून उजेड घेतला. धूर दिसला. मी ते घासलं, पुसलं, म्यान केलं, आणि हा धूर मला दिसला नव्हता. नाव वाचून मोकळा झालो होतो, मग पात्याकडे कोण बघतो?

तोकिएला बोलावलं. चहा पुढे ठेवला, तिनं घेतला नाही. माझा चेहरा बघून म्हणाली, "काका, काय ते सांगून टाका. मी शाळेत शिकवते, वाईट बातमी आणणारी मुलं मला दारातूनच कळतात."

मी सांगितलं. नाव खोटं आहे, मला बावीस वर्षांपूर्वीच ठाऊक होतं, तिच्या वडिलांच्या दुःखाकडे बघून मी बोललो नाही. बोलताना मला वाटत होतं ती रडेल, नाहीतर उठून जाईल. तिनं चहा उचलला आणि संथपणे प्यायली.

"बाबांना ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"हेच. बैठकीहून परत येताना ते सायकल ढकलत होते आणि मी गाठोडं धरून चालत होते. नदीच्या पुलावर थांबले. म्हणाले, 'तोकिए, त्या चहा देणाऱ्या गड्याला नजर आहे. नजर शिनोहारालाही आहे, पण त्यानं ती माझ्यासाठी मिटून घेतली. आईला बोलू नकोस.' मी नाही बोलले. आई जाईपर्यंत हात जोडत होती."

ती पुढे बोलत होती.

"दर नववर्षाला तुमच्याकडे सोया सॉसचं पिंप यायचं ना? ते त्यासाठी. तुमच्या शिष्याला तुम्ही घालवलंत हे महिन्याभरानं कळलं. बाबा म्हणाले, जाऊन सांगतो, त्याला परत बोलावा म्हणून. पण जायचं तर स्वतःला ठाऊक होतं हे कबूल करावं लागणार. आज जातो, उद्या जातो. मग गेलेच नाहीत. मीही गेले नाही, काका. मला पाय होते की."

"मग आता दाखला कशाला मागितलास?"

"तलवार खोट्या नावानं टोकियोला गेली असती तर नापास होऊन परत आली असती, आणि ज्यांनी म्यानावर लिहिलं त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. मला बघायचं होतं तुम्ही पाठवता की बोलता." असं म्हणून पहिल्यांदा हसली. "महिना लावलात."

म्हणजे शोहेई, ज्याच्यासाठी मी खोटं बोललो त्याला ते नकोच होतं. तुझी नऊ वर्षं गेली ती कोणाच्याही उपयोगी पडली नाहीत.

आणि आता तिसरी गोष्ट, जी मी दुसऱ्या पत्रातही लपवली. दया वगैरे नंतरची. पातं बघायच्या आधीच मी म्यानावर लिहून टाकलं होतं. हिराओकाच्या घरातली कानेहिसा म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक, मूठ उतरवून बघण्याची काय गरज? लाकूड कोरं होतं, शाई उगाळलेली होती, मला माझं अक्षर मिरवायचं होतं. दोन दिवसांनी मूठ उतरवली आणि कोवळा गंज दिसला. तोवर शाई वाळली होती. म्यानावर रंधा फिरवला असता तर एका सकाळचं काम होतं. मी लाजलो. मग बैठकीच्या आदल्या दिवशी म्हातारा आला, मुलाची गोष्ट सांगितली, आणि मला माझ्या लाजेला घालायला चांगला अंगरखा मिळाला.

हे मी किनुलाही सांगितलं नव्हतं. तिनं बहुतेक ओळखलं होतं. तू गेल्यावर वर्षभर ती मला जेवायला वाढायची, पण समोर बसायची नाही.

तामेकिची

त्सुयामा, १८ डिसेंबर

शोहेई,

उत्तर नाही आलं तरी लिहितोय. हे तुला कळायला हवं.

काल बैठक झाली. त्याच मठात. तेव्हा सतरा-अठरा जण असायचो, आता सहा राहिलोत. सभागृहात तेव्हाचीच थंडी, शेगडीजवळ बसायला तीच भांडणं. मी हिराओकांचं पातं कापड गुंडाळून फिरवायला दिलं. तोकिए दाराशी बसली होती, तिला मीच बोलावलं होतं. बायका बैठकीला येत नाहीत असं उगाकी कुरकुरला, तर ती म्हणाली, "डॉक्टर, माझी दाढ उपटताना नव्हती तुमची हरकत."

उगाकीनं पातं उजेडात धरलं आणि लगेच चिठ्ठी लिहिली. "हे मी ओळखतो! यामातोचा कानेहिसा. बावीस वर्षांपूर्वी नमस्कार केला होता मी याला."

बाकीच्यांनीही तेच लिहिलं. एकदा पाहिलेलं कोण विसरतं.

मी कापड सोडलं, भिंग काढून उगाकीच्या हातात दिलं आणि म्हटलं, "नाव वाचू नका. खाचेतला गंज बघा आणि मग बाजूचा."

त्यानं बराच वेळ पाहिलं. भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. दातांतली कीड शोधणारा माणूस तो, त्याला दिसायला वेळ लागणार नव्हता. मान वर केली तेव्हा चेहरा उतरलेला.

"शिनोहारा, हे तुला आता कळलं?"

"तेव्हाच कळलं होतं."

"तेव्हाच?"

"आणि कुरामोतो शोहेईनं ते याच खोलीत, तिथं मागे बसून, सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तो खरं बोलला. मी खोटं बोललो, आणि मला उघडं पाडलं म्हणून त्याला घालवला. त्याला शिफारस दिली नाही. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तो आज माशांच्या सुऱ्यांना धार लावतो, आणि तो माझ्यामुळे लावतो."

शेगडीवरची किटली खदखदत होती, ती कोणी उतरवली नाही.

मग उगाकी म्हणाला, "मी त्या पोराला हसलो होतो."

"मीच हसवलं तुला."

"हसवलंस तू. पण दात माझे दिसले."

आणखीही झालं. मठाचा जुना कारभारी नमस्कार न करता उठून गेला. आज सकाळी दोन गिऱ्हाइकं आपापली पाती परत घेऊन गेली, काम अर्धं टाकून. एकानं निदान पाऊस येणार असल्याचं कारण सांगितलं. दुसऱ्यानं तेही नाही. बरोबरच आहे. माझ्या अक्षराची गावात जितकी म्यानं आहेत तितक्या घरांत आज मुठी उतरवल्या जात असतील. सगळीकडे अस्सलच निघेल अशी माझी खात्री आहे, पण माझ्या खात्रीचं आता काय घेऊन बसायचं?

चौऱ्याहत्तरी उलटली. गिऱ्हाइकं तशीही कमीच होती. वाईट वाटलं ते एका गोष्टीचं. इतकं सोपं होतं हे. चार वाक्यं. चहाच्या एका पेल्याएवढा वेळ. तेव्हा हे बोललो असतो तर त्याच संध्याकाळी आपण तिघं घरी जेवलो असतो, मुळ्याचं कालवण का असेना.

नाव पुसायचं की नाही हे मी तोकिएवर सोडलंय.

तामेकिची

त्सुयामा, २५ मार्च १९७९

शोहेई,

टोकियोहून दाखला आला. त्यावर लिहिलंय: नाव नाही, बिंगो प्रांत, मिहारा. तू खोलीच्या मागच्या कोपऱ्यातून जे पाहिलंस ते पाहायला त्यांना भिंगं, पुस्तकं आणि सात माणसं लागली.

त्याआधीचं सांगायचं राहिलं. जानेवारीत नाव कानशीनं काढून टाकायची कचेरीतून परवानगी मिळाली. तिथला कारकून म्हणाला, "नाव असलेली तलवार बिननावाची करायला लोक येत नाहीत, उलटं करायला येतात." मी कानस आणि लाकडी पकड तयार ठेवली. तोकिए आली, बाहीला दोरी बांधून.

"पहिला हात मी चालवते," म्हणाली.

"हात थरथरला तर लोखंड जाईल."

"खडू धरलाय तीस वर्षं. नाही थरथरत."

कानस ठेवण्याआधी तिनं कानेहिसाच्या नावावरून एकदा बोट फिरवलं, वरून खाली. इसामू फिरवायचा तसंच असणार. मग कानस चालवली. चौथ्या-पाचव्या हाताला तिचे डोळे वाहायला लागले, पण कानस सरळच होती. बाकीचं मी केलं. संपल्यावर ती म्हणाली, "दादानं काही नाव घेऊन लढाई नव्हती केली. पातंच नेलं असतं, तेही लष्करानं नेऊ दिलं नाही त्याला." प्रदर्शनाच्या पाटीवर तिनं लिहून दिलंय: मिहारा, लोहार अज्ञात, हिराओका इसामूची आवडती. खाली, ओळखणारा: कुरामोतो शोहेई. तुला न विचारता लिहिलं म्हणून रागावणार असशील तर तिच्यावर रागाव. माझी तिच्यासमोर बोलायची टाप नाही.

हे सगळं कार्डावरही मावलं असतं. पत्र वेगळ्याच कारणासाठी लिहितोय.

परवा वसंत संपाताच्या पितृपूजेसाठी किनुच्या थडग्यावर गेलो. दरवर्षी मी ओहागी विकत नेतो आणि दरवर्षी तिची माफी मागतो, कारण दुकानातली तिला आवडायची नाहीत. पोचलो तर दगड धुतलेला. नुसतं पाणी ओतलेलं नव्हतं. अक्षरांच्या खाचांतलं शेवाळ निघालेलं, कडा एकसारख्या पुसलेल्या, कोपऱ्यातलं पाणी टिपून घेतलेलं. या गावात दगड असा पुसणारा माणूस नाही. तशी सवय लागते ती नऊ वर्षं दगडांजवळ बसून, आणि ती लावणारा मी.

पायरीवर तीन हास्साकू संत्री ठेवलेली. तुमच्या बेटांवरची, जाड सालीची. एक सोललेलं, फोडींवरची पांढरी सालसुद्धा काढून. तिचे दात शेवटी अधू झाले होते, हे तिनं तुला कार्डात लिहिलं असणार.

उदबत्तीची राख अजून ऊन होती. मी स्टेशनकडे निघालो. खरं सांगतो, धावलो. फुलांच्या दुकानापर्यंत पोचलो आणि दम लागून तिथल्या बाकावर बसलो. पूर्वेची गाडी गेली की पश्चिमेची, तेही कळलं नाही. फुलवाल्या बाईनं पाणी दिलं आणि विचारलं, "आजोबा, कोणाला पोचवायला निघाला होतात?" मी म्हटलं, "नाही, आणायला."

तू येऊन गेलास. माझ्या दारावरून गेला असशील, तिकडे जायला दुसरा रस्ता नाही. दार वाजवलं नाहीस. तो तुझा हक्क आहे, त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही.

बैठकीत मी पुष्कळ बोललो, तुला इतकी पत्रं लिहिली, आणि काल सगळं आठवून पाहिलं तर एक वाक्य कुठेच नव्हतं. गंजाचं सांगितलं, शाईचं सांगितलं, हिराओकाचं सांगितलं. ते वाक्य राहिलं. शोहेई, माझं चुकलं. तुझ्या बाबतीत चुकलं आणि किनुच्या बाबतीत त्याहून जास्त चुकलं. तिच्या शेवटच्या वाटेवर तिचा मुलगा असायला हवा होता. आम्हाला मूल नव्हतं असं लोक म्हणतात. तिला होतं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं ओनोमिचीला यायला निघतोय. नको असेल तर तसं कळव, तिकीट परत करता येतं. दुकान माझ्यासाठी बंद ठेवू नकोस. शनिवारी मासळीवाल्यांची गर्दी असेल, मी बाहेर एखाद्या पेटीवर बसेन. भूक लागली तर माझं मी खाईन.

तुझा हात चालताना मला बघायचाय. काम चालू असताना मी काही सांगायला तोंड उघडलंच, तर मला पाणी भरायला पाठव.

तामेकिची